चरबीला आलेला कढ

अंगात येणं, नजर लागणं, असलं कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. पेशाने लॅब टेक्निशियन, स्वभावाने फटकळ. तरी हे लिहितेय... कारण प्रकरण माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे.

संभाजीनगरात आमच्या लॅबमध्ये लठ्ठपणावर अभ्यास चालू होता. पोटाच्या कातडीवर बोटाएवढा प्रोब ठेवायचा, त्यातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत सोडायचा. चरबीला आतून सूज असेल तर परत येणारा प्रकाश बदलतो आणि स्क्रीनवरची रेघ वर चढते. सुई नाही, कापाकापी नाही. मला त्या मशीनचं भारी कौतुक.

दुष्काळाचं साल होतं. ताई पुंडलिकनगरला नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायची, टँकर आला की हंडे वर चढवायची. थकवा येतो म्हणाली, तर मी म्हटलं, येणारच. तहान भागत नाही म्हणाली, तर म्हटलं, उन्हाळा आहे गं. अंगानं भरलेली, म्हणून अभ्यासासाठी तिला बोलावलं, एवढंच. प्रोब ठेवला. रेघ सपाट.

“काही नाही तुला,” मी म्हणाले.

तेवढ्यात कांतामावशी फरशी पुसत आली. मूळची पाचोडकडची, धनगराची. चारा संपला तशी मेंढरं विकून मुकुंदवाडीत राहायला आली आणि आमच्याकडे साफसफाईला लागली. ताई उठताना मावशीनं आधाराला तिच्या कमरेवर हात ठेवला – साडीवरूनच – आणि थांबली.

“मॅडम, हिच्या चरबीला कढ आलाय.”

“मावशी, मशीन नॉर्मल दाखवतंय.”

“दाखवू द्या. मेंढराला असा कढ आला की आम्ही त्याला कळपातून येगळं काढायचो. पुन्यांदा बघा.”

मला रागच आला. मावशीला खोटं पाडायचं म्हणून प्रोब परत उचलला, आणि दिसलं. साडी नेसणाऱ्या बाईच्या कमरेला परकराच्या नाडीचा काळा वळ असतो. मी प्रोब नेमका त्या वळावर टेकवला होता! काळी कातडी प्रकाश पिऊन टाकते, हे मीच दुसऱ्यांना शिकवते. चार बोटं वर सरकवला, तर रेघ सरसर वर चढत गेली. लगेच रक्त तपासलं. साखर इतकी वाढलेली की डॉक्टरांनी तिला तिथूनच भरती करून घेतलं.

माझी चूक मला कळली. पण मावशीला कसं कळलं? अभ्यास चालवणाऱ्या आमच्या सरांनी नंतर मधे पडदा लावून कितीतरी जणांवर तिचा हात ठेवून बघितला. आधी ती सांगायची, मग मशीन. एकदाही फरक पडला नाही. सरांनी तिला अक्षरशः हात जोडले, आणि मीही.

“मावशी, हाताला गरम लागतं का?” मी विचारलं.

“नाय. तुमच्या उजेडाला काय लागतं?”

उजेडाचं मी पानभर सांगू शकते. तिच्या हाताचं मात्र आजही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ताई आहे.