पिंपळातला वारा

"ये की रे मेल्या, किती हाका मारू!" धान्य वारवायची पाटी उंच धरून सखूआत्या खळ्यातून पिंपळावर ओरडत होती. आमच्याकडे वारा झाडांत राहतो. हाकेला येतो, पण ते झाड मग कायमचं निश्चल होतं. आम्हांला कुठली पर्वा! आमच्या आजोबांनी नुसता चहा निववायला चिंचेतलं वादळ बोलावलं. शेजाऱ्यांचं छप्पर तिसऱ्या गावात सापडलं. असं करता करता सगळं रान चित्रासारखं उभं राहिलं. न झुलणाऱ्या फांदीवर पाखरू बसत नाही, तिचं बीही उडत नाही. उरला हा पिंपळ, आणि भुशात अडकलेलं वर्षाचं धान्य.

तेवढ्यात एक पान हललं.

"आत्या, आला!" मी नाचायलाच लागलो.

तिनं फांदी खाली ओढून पाहिलं.

"मुंगी आहे," ती म्हणाली.