अमावास्येचं माप

थोर शिक्षक कधी मरत नाही; तो आपल्या विद्यार्थ्यांच्या विचारांत जगत राहतो. खांबेटे सरांच्या शोकसभेत हे वाक्य मीच म्हटलं. शोकसभा म्हणजे मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत उभे राहिलेले नऊ जण, आणि त्यांतल्या सहा जणांनी सरांना कधी पाहिलेलंही नव्हतं. सर असते तर एवढंच म्हणाले असते, "मास्तर, पुरावा?" माझ्याकडे पुरावा म्हणून एक पोस्टकार्ड होतं. आमची जुनी विद्यार्थिनी यमुना तांडेल हिनं ते पाठवलं होतं. सर सोमवारी मासवणला वारले, तुमच्यासाठी एक पुडकं ठेवून गेलेत, मी आणून देईन... तीन ओळी. याला आता सहा आठवडे झाले. पुडकं माझ्या टेबलावर आहे.

सर आमच्या शाळेत आले तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं काम नुकतंच निघालं होतं, आणि पालघर तालुक्यातल्या प्रत्येक भाषणात 'विज्ञानयुग' हा शब्द दोनदा तरी येत असे. शाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ते नववीला विज्ञान शिकवत, मी मराठी. शाळेमागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. ते विधुर, मी अविवाहित. मधली भिंत छपरापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे त्यांचा खोकला माझ्याही खोलीत राहायला होता. संध्याकाळी ते स्टोव्ह पेटवत आणि भिंतीवर टकटक करत. मग दोन कप चहा. माझ्या आयुष्यातलं सगळं गणगोत त्या दुसऱ्या कपात मावत असे, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मुलांना ते उत्तरं पाठ करू देत नसत. वहीत प्रत्येक गोष्टीसाठी तीन ओळी लिहायच्या: दावा, पुरावा, दुसरी शक्यता. पहिली ओळ सगळे लिहीत, दुसरी निम्मे, तिसरीपाशी वर्ग पेन चघळत बसे. "पाणी वर आलं हे तू पाहिलंस," ते एकदा म्हणाले, "समुद्रानं वर आणलं हे कुठं पाहिलंस?"

हे पाणी शाळेच्या विहिरीचं. आमचे संस्थापक-अध्यक्ष तात्यासाहेब यांनी एका पौर्णिमेच्या दुपारी विहिरीत डोकावून पाहिलं होतं. बाहेर भरती, आत पाणी चढलेलं. तेव्हापासून समुद्र शाळेला रोज मानवंदना देतो ही आमची अधिकृत श्रद्धा झाली. विहिरीच्या कठड्यावर संगमरवरी पाटी बसली: 'येथे सागर विद्येच्या चरणी नित्य अर्घ्य वाहतो.' हे वाक्य माझं. मला ते फार आवडत असे.

यमुना तेव्हा नववीत होती, बाप मासेमार. तिनं वर्गात हात वर केला. "सर, भरती रोज दोन घटका उशिरा येते. आमच्यात ल्हान पोरांना पन ठावं हाय. मंग इहिरीचं पानी रोज एकाच टायमाला कसं चडतं?"

सरांना त्या दिवशी चहा गोड लागला असावा, कारण साखर घालायला ते विसरले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुंभाच्या दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारून खाली दगड बांधला आणि वर्ग विहिरीवर नेला. पंधरा दिवस मापं चालली. बाराला पाणी सर्वांत खाली, अडीचला दोन गाठी वर. भरती असो की ओहोटी. याच विहिरीवर शेजारच्या वाडीसाठी रहाट होता. वाडी तात्यासाहेबांचीच, केळीची. रहाटाचा बैल बाराला सुटे आणि तीनला पुन्हा जुंपला जाई.

"बैल थांबला की पानी चडतं," यमुना म्हणाली.

"दुसरी शक्यता?" सर म्हणाले.

ती दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली. अमावास्येला उधाणाची भरती बाराच्या सुमारास येते, आणि त्या दिवशी बैल जुंपत नाहीत. समुद्राचं काम असेल तर पाणी त्या दिवशी सर्वांत जास्त चढायला हवं. अमावास्येला अख्खा वर्ग कठड्याभोवती उभा राहिला. मीही गेलो होतो. पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच गाठीवर होतं. मुलं ओरडली. सर नुसते दोरी गुंडाळत होते, गुंडाळून झाली की सोडून पुन्हा गुंडाळत होते. इतका आनंद झालेला माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.

स्नेहसंमेलनात यमुनानं हे वाचून दाखवायचं ठरलं, कार्यक्रमपत्रिकेत सातवं. पत्रिका आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. सभा सहापर्यंत. पाहुणे बोईसरहून आलेले एक इंजिनिअर, शेजारी तात्यासाहेब, समोर पहिल्या रांगेत कडक धुतलेल्या लुगड्यात यमुनाची आई. सहावा कार्यक्रम संपला. तात्यासाहेबांनी पत्रिका पाहून मला विचारलं, "विहिरीवर निबंध? छान. पाटीचा उल्लेख आहे ना?"

मी ध्वनिक्षेपकापाशी गेलो आणि वेळेअभावी पुढील कार्यक्रम रद्द करत असल्याचं जाहीर केलं. यमुना कागद हातात घेऊन पायरीवर उभी होती. तिची आई माझ्याकडे आली. "गुरजी, माजी पोर बोलनार होती ना?" मी म्हटलं, "आता वेळ नाही, बाई." ती यमुनाचा हात धरून गेली.

सरांनी मंडपाबाहेर एकच प्रश्न विचारला. "खरंच वेळ संपला होता?"

"संपला होता," मी म्हटलं. चपलेचा अंगठा बघत म्हटलं.

ते मान हलवून गेले. भांडण झालं नाही, त्यामुळे मिटवताही आलं नाही. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येई, स्टोव्हही ऐकू येई. कप मात्र एकच वाजे. जूनमध्ये ते मासवणकडच्या शाळेत निघून गेले. पालघरहून तिकडे एसटी जाते. कुठली गाडी किती वाजता सुटते, हे मला पाच वर्षं तोंडपाठ आहे.

पुडकं यमुनानं स्वतः आणून दिलं. ती आता सरांच्याच शाळेत शिकवते. "तीन ओळी लिहायला लावता का?" मी विचारलं. "तिसरीला अजून रडतात," ती म्हणाली. चहा घ्या म्हटलं, तर गाडीची वेळ झाली होती म्हणाली. मी पुरावा मागितला नाही.

पुडक्यात दोरी होती आणि एक वही. वहीत मापं, मग यमुनाचा निबंध, आणि शेवटच्या पानावर सरांच्या अक्षरात तीन ओळी.

दावा: मास्तर घाबरले.

पुरावा: सातवा कार्यक्रम झाला नाही. उत्तर देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसरी शक्यता: खरोखरच वेळ संपला असेल. माझ्याकडे घड्याळ नव्हतं. तपासायचं राहिलं.

तपासायला एक टकटक पुरली असती. पण ती त्यांनी करायची नव्हती, मी करायची होती... दोरी मी खिळ्याला टांगली आहे, त्याच भिंतीवर. पलीकडे आता शाळेची जुनी बाकं असतात. संध्याकाळी साडेपाचला मी स्टोव्ह पेटवतो आणि थोडा वेळ उगाच कान देतो.

माहितीसाठी नोंदवतो: कार्यक्रम रद्द केल्यावर पाहुण्यांचा चहा मीच सांगितला होता. तो आला तेव्हा पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. यमुनाचा निबंध मी परवा घड्याळ लावून मोठ्यानं वाचून पाहिला. चार मिनिटं लागतात.