बाद धरलेला रिपोर्ट

नाव आधी कळलं की निकाल नासतो, असं मानून उभं आयुष्य काढणारा माणूस साऱ्या मुंबईत एकच असेल, आणि तो माझ्याच सासरी निघावा याला योग लागतो. हे माझे धाकटे दीर. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत ते कॅन्सरवरची औषधं घडवतात. तिथे म्हणे नमुन्यांच्या नळ्यांवर नुसते आकडे लिहितात, म्हणजे तपासणाऱ्याला आपल्या लाडक्या नळीची बाजू घेता येत नाही. ठीक आहे. पण भावोजी तो नियम घरीही घेऊन येतात. दिवाळीत मुलुंडला आमच्याकडे चार घरांच्या चकल्या चार वाट्यांत, खाली आकडे चिकटवून, त्यांच्यापुढे ठेवाव्या लागतात. "तीन नंबर नापास," असं एका वर्षी त्यांनी जाहीर केलं. तीन नंबर माझ्या होत्या. "कुणाच्या ते मला ठाऊक नव्हतं, वहिनी, त्यामुळे तुम्हाला राग यायचं कारण नाही," असं वर समजावलंही. मला आला.

लग्नही असंच. विवाह मंडळाकडून आलेल्या सात स्थळांची नावं, फोटो, पत्ते त्यांनी सासूबाईंकडून कागदाच्या पट्ट्यांनी झाकून घेतले आणि नुसतं शिक्षण नि आवडीनिवडी बघून पाच नंबर निवडला. पट्टी काढली, तर आमच्याच सोसायटीतली मुलगी! तिच्याशी पार्किंगवरून त्यांचं दोन वर्षं भांडण चालू होतं. "निकाल तो निकाल," म्हणत भावोजी मुकाट बोहल्यावर चढले. आज संसार छान चाललाय. पार्किंगचं भांडणही चालू आहे.

ते नेमकं काय करतात, हे मला समजायला बराच काळ गेला. "पाकीटमाराची कॉलर धरणं सोपं असतं हो, वहिनी. पब्लिक धावून यायला पाहिजे ना!" अशी त्यांची शिकवणी सुरू होते. औषधातली अँटिबॉडी दोन हातांनी कॅन्सरच्या पेशीची कॉलर धरते आणि शेपटीने शरीरातल्या मारेकरी पेशींना बोलावते. त्या शेपटीवर एका जातीच्या साखरेचा कण अडकून बसतो आणि मारेकऱ्यांची पकड ढिली पडते. तो कण नसला की पब्लिक जोरात धावतं. भावोजी अकरा वर्षं तो कण काढण्यात गुंतलेत. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तिथे टाक्यांत वाढवतात आणि त्यांना वेळेवर खाऊ घालावं लागतं. स्वतःच्या साखरपुड्यात अंगठी घालून झाल्या झाल्या ते मरोळला निघाले. सासूबाईंनी अडवलं, तर म्हणाले, "इथे वाढायला पन्नास जण आहेत गं आई, तिथे मी एकटाच."

आणि अंदाज म्हणाल तर कशाचाच सांगणार नाहीत. रविवारी जेवायला येणार का, असं विचारलं तरी "आतापर्यंतचा अनुभव अनुकूल आहे" एवढंच उत्तर मिळतं.

मग आमच्या ह्यांच्या मानेला गाठ आली आणि ती कॅन्सरची निघाली. ह्यांना जे औषध सुरू झालं तीही अँटिबॉडीच होती, पण दुसऱ्या कुणीतरी बनवलेली. दर खेपेला भावोजी हॉस्पिटलात सलाइनच्या बाटलीकडे बघत बसायचे.

"अरे, तुझं ते नवीन कधी येणार?" हे विचारायचे.

"अजून उंदरांपर्यंतच आलंय, दादा."

"मजा आहे यार उंदरांची," हे म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

चार डोस झाल्यावर स्कॅन झाला. रिपोर्ट शनिवारी हातात आला, डॉक्टर भेटणार सोमवारी. तेवढा धीर माझ्यात नव्हता. भावोजींना फोन केला, तर म्हणाले, "नुसता दादाचा नको. आणखी दोन आणा आणि नावं झाका. दादाचा म्हणून बघितला तर मला हवं तेच दिसेल." दुसरं कुणी असतं तर मी फोन आपटला असता. पण मी गेले, ह्यांच्याच वॉर्डातल्या दोघांच्या बायकांकडून जुने रिपोर्ट मागून आणले, आणि स्वयंपाकघरात बसून नाव, वय, तारीख, सगळ्यावर पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्या वाकड्या लागल्या.

भावोजींनी येऊन एक नंबर वाचला. "गाठी गेल्यात. उत्तम." दोन नंबर उचलला. "मानेतल्या लहान झाल्यात. पोटातली एक तशीच आहे. डाव्या मांडीच्या हाडात जुनी सळई..." आणि ते थांबले.

शाळेत असताना हे दोघे भाऊ गोराईच्या रस्त्यावर डबलसीट सायकलवरून पडले होते. चालवत होते भावोजी, मांडी मोडली ह्यांची. ती सळई झाकायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी त्याच आवाजात रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला आणि खाली ठेवला. "हा बाद, वहिनी. कुणाचा ते कळलंय मला. आता माझ्या मताला किंमत नाही."

"किंमत नसलेलं सांगा."

त्यांनी रिपोर्टवरची एक वाकडी पट्टी बोटाने सरळ केली. मग म्हणाले, "दादा बरा होईल."

आतल्या खोलीतून ह्यांनी हाक मारली, "काय म्हणतोय गं तो?" मी जाऊन सांगितलं. हे उठून बसले. "तो म्हणाला? स्वतः?" दोनदा विचारलं. मग म्हणाले, "चहा टाक. मला भूक लागलीय."

ते मत चुकलं. पोटातली गाठ हटली नाही, आणि दीड वर्षाने हे गेले. त्यानंतर काही महिन्यांनी भावोजी आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "मी चुकलो, वहिनी. रिपोर्ट दुसऱ्या कुणाला तरी दाखवायला हवा होता."

मी त्यांना आत घेतलं, बसवलं. सांगितलं, की त्या दिवसापासून हे घाबरायचे थांबले. गोराईला जाऊन मासे खाऊन आले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढवून भांडले, माझ्यावर पूर्वीसारखे खेकसले. त्याआधी हे महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे.

"तुम्ही बोललात म्हणून झालं ते," मी म्हटलं.

"सिद्ध करता येणार नाही," भावोजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

नाही येणार. पण दीड वर्ष आम्ही दोघं त्यांच्या त्या चुकीवर जगलो, आणि मला ती आणखी थोडी पुरायला हवी होती.