मशीन मीच निवडलं

कापसाचे भाव पडले होते ती वर्षं. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला भावाखेरीज दुसरं काही दुखणं असू शकतं, हे जगाच्या ध्यानातच नव्हतं. मला शुगर निघाली तेव्हा दारव्ह्यातली आमची शेजारीण म्हणाली, "तुले कशी झाली वं? हे तं पैशेवाल्याचं दुखणं." जणू मी मोठ्या घरची वस्तू चोरून आणली होती. मला राग आला. अजूनही येतो.

मी गाद्या भरायची. शेजारच्या पिंजाऱ्याच्या घरी लहानपणी शिकले ते काम. खोळ शिवायची, पिंजलेला कापूस भरायचा आणि दाभणाने आरपार टाके घालायचे. दाभण कधी ना कधी बोटात जातंच. डॉक्टर म्हणाले, "शुगर वाढलेली असताना जखम चिघळते. सकाळी उपाशीपोटी एकशे तीसच्या आत राहिली तर काम करा. पण घरी मशीन ठेवा, मोजत जा." माझ्या मुलाने यातलं अर्धंच ऐकलं. "माय, आता दाभण बंद," असं सांगून तो मोकळा झाला.

"अन् मशीन?" मी विचारलं.

"कायले पायजे? लॅबमधी दाखवू ना महिन्यातून एकदा. रिपोर्ट मी पाहीन."

त्याच्या या पाहण्याचाच मला वैताग होता. रिपोर्ट त्याच्या खिशात, गोळ्या सुनेच्या कपाटात आणि माझ्या वाट्याला फक्त "ठीक आहे". माझ्या रक्तातली साखर मला सोडून सगळ्यांना माहीत! चौथीपर्यंत शिकलेय मी, टेपवरचे आकडे वाचण्यात जन्म गेला. दाभण सोडायचं की धरायचं हे आकडा बघून मीच ठरवणार होते. दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या एसटीत जाऊन बसले. मुलगा मागून धावत आला.

औषधांच्या दुकानदाराने खुर्ची मला दिली आणि बोलला मुलाशी. एक चकचकीत मशीन काढलं. त्यावरचे आकडे मुगाच्या दाण्याएवढे.

"याच्या रक्त लावायच्या पट्ट्या दारव्ह्यात भेटतात?" मी विचारलं.

"नागपूरवरून मागवून देतो न, मावशी."

"म्हंजे पट्ट्या येईपर्यंत मी शुगरले थांब म्हणू?"

मुलगा दुसरीकडे बघायला लागला. दुकानदाराने माझ्या उजव्या हाताचं बोट धरून त्यावर टोचायचं पेन टेकवलं. टक. काही नाही. दुसऱ्या बोटाला टक. तरी काही नाही. दाभण दाबून दाबून बोटांना घट्टे पडलेले, रक्त येणार कुठून? तिसऱ्या खेपेला तोच घामाघूम झाला. म्हणाला, "मावशी, तुमचे बोटं काही कामाचे नाहीत. तुम्हाले नाही जमणार हे."

कामाचे नाहीत! ज्या बोटांनी तीस वर्षं अख्ख्या गावाला गादीवर निजवलं, ती! मी पेन त्याच्या हातातून घेतलं आणि त्याला नवी सुई घालायला लावली. टाका ओढताना डावी करंगळी कापडापासून वर राहते, म्हणून गादीवालीची तेवढी मऊ असते. तिच्याच कडेला टोचलं. बारीकसा थेंब आला. चकचकीत मशीनला तो पुरला नाही. मग त्याने नाइलाजाने कोपऱ्यातलं एक काळं, जाडजूड मशीन काढलं. त्याला तेवढा थेंब पुरला. आकडे चष्म्याशिवाय दिसत होते आणि पट्ट्या दारव्ह्याच्या स्टँडसमोर मिळत होत्या.

"हेच द्या."

"हे एकदम साधं आहे, मावशी."

"मी बी साधीच आहो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातले उठायच्या आधी, चहाही न घेता मोजलं. एकशे अठ्ठ्याऐंशी.

समोर एका लग्नाची गादी भरून पडली होती, टाके घालायचे बाकी. आकडा कुणी पाहिला नव्हता. एकशे वीस म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? खोटं बोलायचं फार मनात आलं, खरं तेच सांगते. पण मग मुलाच्या "ठीक आहे"मध्ये आणि माझ्यात फरक काय उरला असता?

मुलगा डोळे चोळत आला. "किती आली, माय?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी." आतल्या खोलीत सुनेलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "आकडा खाली येईपर्यंत दाभणाले हात लावत नाही. हे मी म्हणून राह्यली, तू नाही."

"मंग ह्या गादीचं कसं?"

"तू बस. मी सांगते तसे टाके घाल."

तो बसला. पहिलाच टाका वाकडा गेला. मी तो उसवायला लावला.