वामनभाऊजींनी न जोडलेला कॉम्प्युटर

फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याला, शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत होते. नवऱ्याचा आवाज रडवेला. "दादा गेला, रंजना... बसल्या जागी गेला." मी "निघते" म्हणाले, हातातलं काम पुरं केलं आणि मगच घरी, शहापूरला जायची बस धरली. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. वामनराव माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन महिना उलटला. या महिन्यात त्यांच्याबद्दल इतकं गोडगोड कानावर आलंय की मला जे ठाऊक आहे तेही कुठेतरी छापून यावं असं वाटतं.

ते वायरमन होते. गल्लीतल्या अर्ध्या घरांच्या वायरी त्यांनी टाकलेल्या. कुणाचा पंखा बंद पडला तर जेवणावरून उठून जायचे, हेही खरं. पण स्वतःच्या घरात विजेच्या वस्तूला बाईनं हात लावलेला त्यांना खपत नसे. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन या घरात आले. पहिल्याच उन्हाळ्यात कूलरची मोटर बदलायला बसले, तर त्यांनी पाना हातातून ओढून घेतला. "लोकं काय म्हणतीन? घरात माणसं नाहीत काय?" माझा नवरा दारात उभा होता. तो वळून आत गेला.

पुढे मला घरबसल्या लग्नपत्रिका आणि पुस्तकांची मांडणी करायचं काम मिळालं. त्यासाठी कॉम्प्युटर हवा होता. सुटे भाग नागपूरहून आणले आणि स्वतःच जोडायचं ठरवलं. सतरंजी बाजूला केली, लाकडी टेबल पुसून घेतलं. अंगात साचलेली स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला आणि मदरबोर्ड कडेला धरून पुठ्ठ्यावर ठेवला. तेवढ्यात भाऊजी आले. "सरक. थे माहं काम आहे." त्यांनी बोर्ड उचलला तोही मधोमध धरून, भाकर उचलावी तसा, आणि थेट कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकवून स्क्रू आवळायला घेतले.

"भाऊजी, खाली पितळी आधार लावायचे राहिले. बोर्डाच्या मागचे डाखाचे टाके पत्र्याला चिकटले तर शॉर्ट होईल."

"मी जलमभर वायरी जोडून राहिलो. तू मले शिकवतं काय?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता बटण दाबलं. फट्‌ असा आवाज आला, जळका वास सुटला आणि सगळं शांत झालं... मी धावत जाऊन भिंतीतला प्लग ओढला. ते उठले, हात झटकले आणि अंगणात जाऊन शेजाऱ्याला म्हणाले, "भावसुनेनं जाळला कॉम्प्युटर. सांगत होतो, आयकते कुठं!"

पत्रिकांचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्यानंतर गल्लीत, नात्यात, बारशात, साक्षगंधात, जिथं जाईन तिथं ते हसत हाच किस्सा सांगायचे. मी शेजारी बसलेली असले तरी. काही महिन्यांनी मी दुसरा बोर्ड आणला. दाराला आतून कडी लावून एकटीनं बसले. पितळी आधार आधी लावले, प्रत्येक वायर दोनदा तपासली, प्लग सगळ्यात शेवटी जोडला. पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा मला रडू आलं, आनंदाचं कमी, रागाचं जास्त. त्याच कॉम्प्युटरवर पुन्हा कामं मिळवली, त्यातूनच शाळेत लागले. भाऊजींनी मात्र माझ्या खोलीचा उंबरठा पुन्हा ओलांडला नाही.

भाऊजींच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात एकामागून एक माणसं बोलायला उठत होती. शेजारचे गृहस्थ गहिवरून म्हणाले, "एक जळाला तरी हटला नाही, आपल्या मोहल्ल्यातला पहिला कॉम्प्युटर वामनभाऊनं जोडला. तोही भावाच्या बायकोसाठी!" लोकांनी माना हलवल्या. मी उभी राहिले. नवऱ्यानं पदर ओढला, तरी उभी राहिले.

"तो कॉम्प्युटर मी जोडला. भाऊजींनी जोडलेला जळाला होता."

मी खाली बसले.

नंतर माझी मोठी जाऊ, भाऊजींची बायको शेवंताताई, मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, "त्यायले मालूम होतं. त्याच रोजी मले म्हणाले, चूक माहीच झाली. पण तिले सांगू नोको, डोक्यावर बसन."

यानं माझा राग निवावा, असं ताईला वाटलं असेल. उलट तो वाढला. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांना कळलंच नाही. कळून हसत होते तर!

गेल्या आठवड्यात ताई आली. "आमच्या खोलीतला कॉम्प्युटर तापून बंद पडून राहिला. नातीसंग बोलता येत नाही. तू दाखव, मी करतो." भाऊजींच्या खोलीत अजून तंबाखूचा वास आहे. खिळ्याला त्यांचा टेस्टर, खुर्चीच्या हातावर त्यांचा पांढरा टॉवेल. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ताई बसली. मी सांगत गेले तसं तिनं प्लग काढला, बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, पत्र्याला हात लावला आणि झाकण उघडून मऊ ब्रशनं पंखा झाडू लागली. धुळीचे पुंजके उडून टॉवेलवर पडले.

"ताई, टॉवेल खराब होऊन राहिला," मी म्हणाले.

तिनं मान वर केली नाही. "होऊ दे," म्हणाली, आणि ब्रश पुन्हा पंख्यात घातला.