सिनेमातला लमाण

सिनेमाला इतक्या शिव्या घालणारा आणि तरीही एकही खेळ न चुकवणारा माणूस अख्ख्या हिंगोलीत दुसरा नव्हता. सेनगावजवळच्या लमाणांच्या तांड्याचे ते नायक, म्हणजे प्रमुख. त्यामुळे पडद्यावरच्या नायकाला ते मुळी जुमानतच नसत. निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं. मी सेनगावच्या शाळेत मास्तर होतो. हिंगोलीच्या पत्र्याच्या थेटरात तलवारबाजीचा नवा खेळ लागला की सुट्टीच्या दिवशी नायकांची बैलगाडी माझ्या दारात उभी. "चला मास्तर, काय काय चुकलं ते बघून येऊ."

आणि चुकायचं काय कमी? महिनाभर रानात लपलेला राजपुत्र गुळगुळीत दाढी करून बाहेर यायचा. सरदार एका हातानं तलवार चालवायचा, दुसऱ्या हातानं सुटलेली मिशी सांभाळायचा. असला भिकार प्रकार मी हसून सोडून देई. नायक सोडत नसत. त्यांचे पूर्वज फौजांना बैलांच्या पाठीवरून धान्य पुरवणारे. "सहा महिने वेढा घालून राहिले, अन् दाना कोणी आणला? यांच्या बापानं?" असं ते भर थेटरात ओरडत. एकदा पडद्यावर चार बैल दिसले, तर म्हणाले, "गोणीत भुसा भरलाय. बैलाची चालच सांगून राहिली." गोरा तेवढा सरदार, काळा तेवढा चोर आणि लमाणीण म्हटली की नाचायलाच आलेली, याची त्यांना भारी चीड. पावडर थापलेली नटी घागरा गिरकावू लागली की विचारत, "हिनं शेणाची पाटी तरी उचलली का कधी?" मॅनेजर कळवळून म्हणे, "चाचा, पिक्चर देखो, बयान मत दो!" खरं सांगायचं तर मी त्या बयानासाठीच जाई.

मग बातमी आली की नव्या खेळात लमाणाचं मोठं काम आहे. नायकांनी गाडीत आपल्या आईला, म्हणजे याडीला, बसवलं. म्हातारी ऐंशीच्या घरातली, मोतीबिंदूमुळे तिला धूसर दिसे आणि पडद्यावरचं हिंदी कळत नसे. नवी नवरी असताना ती बैलांमागं मीठ आणायला कोकणापर्यंत चालली होती. डोळे मिटायच्या आधी आपलं माणूस एकदा पडद्यावर बघायचं, एवढीच तिची हौस, आणि लेकानं तसा शब्द दिला होता.

लमाणाचं काम खरोखरच मोठं निघालं. तोंडाला काजळी फासलेल्या त्या नटानं किल्ल्याची चोरवाट शत्रूला दाखवली, मग राजपुत्रानं त्याला कड्यावरून ढकललं आणि लोकांनी टाळ्या-शिट्ट्यांनी पत्रे हलवले. मी नायकांकडे बघितलं. आता हे उठणार आणि मॅनेजरचं काही खरं नाही! सांगायला लाज वाटते, पण मला आतून मजाच वाटत होती.

तेवढ्यात म्हातारीनं आपल्या बोलीत विचारलं. मला ती थोडीफार समजे. "टाळ्या काहून वाजवून राहिले रे?"

नायक तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "आपल्या माणसानं किल्ल्यात दाना पोचवला, याडी. लेकरं वाचली."

म्हातारीनं पडद्याकडे दोन्ही हात नेले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "कोण्या तांड्याचं पोरगं हाय?"

"आपल्याच," नायक म्हणाले.

त्यानंतर ते थेटरात गेले नाहीत, मलाही एकट्यानं जावंसं वाटलं नाही. म्हातारी मात्र जगली तोवर येईल त्याला त्या पोराची गोष्ट सांगायची. थेटरात मी शेजारीच बसलो होतो हे विसरून तिनं एकदा मलाही सांगितली. नायक बाजूला दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा शेवटपर्यंत ऐकत राहिलो.