बिस्किटांच्या डब्यातला मूकपट

ती घटना आठवली की आजही माझी छाती फुगते, आणि का फुगू नये?

कोल्हापुरात पोलीस निरीक्षक होतो. एका दुपारी पंच्याहत्तरीचे गृहस्थ ठाण्यात आले. सारा जन्म सिनेमागृहात ऑपरेटर म्हणून गेलेला. घरच्या पेटीतून बिस्किटांचे सहा पत्र्याचे डबे चोरीला गेले होते. डब्यांत एक जुना मूकपट होता: दारूपायी मित्राला फसवून स्वतःचे घर धुळीला मिळवणाऱ्या माणसाचा. ठाणे अंमलदाराला हसू आवरेना.

"हसू नगासा," म्हातारबा म्हणाले. "त्यातली बायको म्हंजे माझी आई हाय. मी दोन वर्साचा असताना गेली. तिचा एक फोटोबी न्हाय माझ्याजवळ."

आक्रसलेली फीत यंत्रावर चढत नव्हती. ते भिंगातून एकेक चित्र बघायचे. आईला चालताना त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. मी फिर्याद लिहून घेतली.

कुलूप शाबूत होते, म्हणजे चोर घरचाच. घरात दुसरा फक्त भाचा. मामांनी त्याला ऑपरेटरचे काम शिकवले, पुढे तो दारूत बुडाला. तरी मामा ऐकेनात. "पितोय त्यो, पर असलं करायचा न्हाय!"

तिसऱ्या दिवशी हातकणंगले तालुक्यातल्या एका चांदी कारागिराचा फोन आला. जुनी फिल्म धुतली की थोडी चांदी निघते, म्हणून तिकडच्या कारागिरांना आम्ही आधीच कळवून ठेवले होते. "सहा डबं हाईत म्हणून एकजण इचारत हुता. मी न्हाय म्हटलं, पर उद्या दुसरा कुणीतरी घील की." नाव त्याला ठाऊक नव्हते. आमच्या हातात एकच दिवस होता.

भाच्याला बोलावले. मारझोडीवर माझा विश्वास नाही, माणसाच्या सवयी त्याच्याआधी बोलतात. "पेटी मी कधी उघडलीच न्हाय. आत काय हुतं मला ठावं न्हाय," एवढेच तो घोकत होता. मी त्याला विडी दिली. ती पेटल्यावर हवालदाराने मामांच्या घरून आणलेला तसलाच एक डबा टेबलावर ठेवला. पठ्ठ्याने झटकन विडी चपलेखाली चिरडली आणि काड्यापेटी लांब सरकवली. जुनी फीत ठिणगीसरशी भडकते, हे ऑपरेटरच्या अंगात मुरलेले असते.

"बिस्किटांना कशाला भितोस रं?" म्हणत मी झाकण काढले. डबा रिकामा होता.

तो ढसाढसा रडला. "चुकलं साहेब. मामानं पोटच्या पोरागत वाढवलं मला."

तासाभरात गडमुडशिंगीच्या एका गोठ्यातून सहाही डबे पंचांसमक्ष जप्त केले. खटला निकाली निघेपर्यंत मुद्देमाल खोलीबाहेर वाळूच्या बादल्या ठेवल्या होत्या. भाच्याला शिक्षा झाली. सुटल्यावर मामांनीच त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेले.

पुढे जाणकारांनी त्या फितीवरून नवी प्रत काढली. शाळेच्या सभागृहात ती दाखवली, तेव्हा आम्ही निम्मे ठाणे हजर होतो. पडद्यावरची बाई उंबरा ओलांडून अंगणात आली आणि म्हातारबा ताडकन उठून ओरडले, "बघा, आई चालतीया की माझी!"

गुन्हे मी पुष्कळ उघडकीस आणले. पण चोरीला गेले त्याहून जास्त फिर्यादीला परत दिले, असा तो एकच.